डोळे चांगले आहेत, पण उघडत नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या बुधवारी गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या बाजाराच्या दिवशी बसस्टँडवर मी एक बाई बघितली आणि तेव्हापासून हे पत्र लिहायचं डोक्यात घोळतंय. साठीच्या आसपासच्या असतील, डोळे गच्च मिटलेले, एका हाताने दहा-बारा वर्षांच्या नातवाचा हात धरलेला आणि दुसऱ्या हाताचं बोट कानशिलावर, उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यापाशी दाबून ठेवलेलं. बस आली की बोट जोरात दाबायच्या, डोळे जरासे उघडायचे, पाटी वाचायच्या, परत डोळे मिटायचे. शेजारी उभी असलेली कोणीतरी नातवाला विचारते, आजी आंधळी काय रे? तर तो म्हणतो, ना, आजीक दिसता, पूण दोळे उगडनात.

ते कानशिलावरचं बोट बघितलं आणि माझ्या पोटात कालवलं, कारण तीन वर्षं तेच बोट तिथंच ठेवून मी या बसस्टँडवर फिरले आहे.

मी जाऊन त्यांच्याशी बोलले. म्हणाल्या चार वर्षं झाली, डोळ्यांत थेंब घालते, चष्मा दोनदा बदलला, घरचे म्हणतात तू मनाला लावून घेतेस म्हणून होतं. मी विचारलं, उन्हात जास्त होतं ना? हो. टीव्ही बघताना? हो. आणि झोपेत काहीच नाही, सकाळी उठल्यावर पहिला अर्धा तास बरं असतं? त्यांनी बोट आणखी दाबून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, तुका कशें कळ्ळें गो? माझी बस गेली, त्यांची पण गेली, पण आम्ही दोघी तिथंच बाकावर बसून राहिलो.

संपादक महाराज, या आजाराचं नाव ब्लेफरोस्पाझम. नाव मोठं आहे पण ते प्रत्येकाला माहीत असायला हवं असं माझं अगदी कळकळीचं म्हणणं आहे, कारण नाव कळायला मला तीन वर्षं लागली, त्या बाईंना चार वर्षांत कळलं नाही, आणि नाव कळल्याशिवाय औषध मिळत नाही. डोळ्याभोवती एक गोल चकतीसारखा स्नायू असतो, डोळा मिटायचं काम त्याचं. या आजारात मेंदूतून त्या स्नायूला मिटायचा हुकूम नको तेव्हा जातो आणि सुटतच नाही, म्हणजे आतला डोळा एकदम ठणठणीत, बाहेरचं दार मात्र कोणीतरी धरून ठेवल्यासारखं. मेंदूच्या आत खोलवर बेसल गँग्लिया म्हणून भाग असतो, हालचालींचा ताळमेळ तिथून ठेवला जातो, तिथल्या बिघाडामुळे स्नायू असे आपोआप आखडतात त्याला डिस्टोनिया म्हणतात आणि ब्लेफरोस्पाझम हा त्यातलाच एक प्रकार. बहुतेकांना पन्नाशी-साठीच्या सुमारास सुरू होतो, पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो, आणि दोन्ही डोळ्यांना होतो.

आता हे वाचून कोणी घाबरू नये म्हणून लगेच सांगते. आपला डोळा लवतो ना, एकाच डोळ्याची खालची पापणी बारीक बारीक थरथरते, ती बऱ्याचदा झोप कमी झाली, चहा-कॉफी जास्त झाली, दगदग झाली की होते आणि थोड्या दिवसांत आपणच जाते. तो हा आजार नव्हे. त्यात डोळा मिटत नाही, फक्त पापणी नाचते. माझ्यासारखीचा डोळा मिटतो, दोन्ही मिटतात आणि आपल्या इच्छेने उघडत नाहीत. आणि तिसरा एक प्रकार आहे, हेमिफेशियल स्पाझम, त्यात चेहऱ्याची एकच बाजू, डोळा आणि गाल आणि ओठाचा कोपरा एकत्र ओढला जातो, तिथं बहुतेक वेळा मेंदूजवळची एक रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेवर दाबत असते, त्याची तपासणी वेगळी आणि ऑपरेशन पण वेगळं. हे तीन वेगळे आहेत एवढं जरी लोकांना कळलं तरी खूप झालं.

माझं सुरू झालं ते २०१८ मध्ये. आमच्या डिचोली-सत्तरीकडच्या लोकांना ते वर्ष विसरता येणार नाही. सुप्रीम कोर्टाचा निकाल फेब्रुवारीत आला आणि मार्चच्या मध्यापासून लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, २०१२ ला एकदा झाल्या होत्या आणि परत दुसऱ्यांदा. आमचा एक ट्रक खाणीवर होता, तो अंगणात उभा राहिला, टायरांभोवती गवत वाढलं आणि बँकेचा हप्ता मात्र चालू. मी घरी शिवणकाम करते, ब्लाउज, ड्रेस, चवथीच्या आधी तर रात्री एक-एक वाजेपर्यंत मशीन चालते. त्या वर्षी चवथीच्या आधीच माझे डोळे सारखे मिचमिचायला लागले, वाटायचं काहीतरी गेलंय डोळ्यात, वाळूसारखं टोचायचं, उजेड नको वाटायचा. सगळे म्हणाले टेन्शन आहे, ट्रकचं टेन्शन. मलाही तेच वाटलं. टेन्शन होतंच, खोटं कशाला बोलू. पण अंगणात ट्रक उभा असलेल्या घरातल्या सगळ्याच बायकांचे डोळे मिटले नाहीत ना, माझेच मिटले. पुढे डॉक्टरांनी नीट समजावलं की काळजीने हा आजार वाढतो, जसा तो उन्हाने, वाऱ्याने, वाचल्याने वाढतो, पण मूळ काळजीत नसतं. हे वाक्य मला २०१८ साली कोणी सांगितलं असतं तर मी माझ्या नवऱ्याला आणि मुलाला तीन वर्षं अपराधी वाटू दिलं नसतं.

मिचमिचण्याचं हळूहळू गच्च मिटणं झालं. सुरुवातीला एक-दोन सेकंद, मग पाच, मग असं की मी रस्त्यात उभी आणि सगळा काळोख. एकदा मशीनवर फॉल लावत होते, डोळे मिटले, पाय पायडलवरून काढायला एक क्षण उशीर झाला आणि सुई डाव्या हाताच्या तर्जनीच्या नखातून आरपार गेली. मशीनचं चाक उलटं फिरवून सुई वर काढावी लागली, ती सुनेने काढली, माझे डोळे तेव्हाही मिटलेलेच होते, दुखण्याने नाही, त्या आजाराने. नखावर अजून पांढरी रेघ आहे. स्कूटर चालवायचे मी, साखळी गावाच्या रस्त्याला एका वळणावर डोळे मिटले आणि स्कूटर सरळ शेतात गेली, पावसाळा होता, चिखल होता म्हणून वाचले. घरी येऊन चावी कपाटात ठेवली. नारळ किसायला आदोळीवर बसायची भीती वाटायला लागली. मासे कापायचं काम सुनेकडे गेलं, मग शिवणाच्या ऑर्डरी परत जायला लागल्या. बायका कापड परत न्यायला यायच्या तेव्हा मी आतल्या खोलीत जाऊन बसायचे.

लोकांचं काय सांगू. बाईचा डावा डोळा लवला की शुभ असं आपल्याकडे म्हणतात, पहिले काही महिने सगळ्या हेच म्हणाल्या, काहीतरी चांगलं होणार बघ. मग सासूबाईंनी दृष्ट काढली, मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मग देवळात जाऊन प्रसाद घेतला, म्हणजे मूर्तीला पाकळ्या लावून कौल विचारला, देवाने उजवी पाकळी दिली, म्हणजे बरी होणार. मी देवाला मानते आणि त्या पाकळीने मला धीर दिला हे खरं आहे, उजवी पाकळी पडली त्या दिवशी मी घरी येऊन पोटभर जेवले होते. पण देवानेच पुढे डॉक्टरकडे जायचं सुचवलं असेल असं मला वाटतं, आणि तो डॉक्टर नक्की कुठला ते कोणालाच माहीत नव्हतं, तिथं सगळी वर्षं गेली.

सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. मी आमच्या वाड्यावरच्या महिला भजनी मंडळात गाते, वीस वर्षं झाली. एकादशीला देवळात भजन असलं की सून मला हाताला धरून आणायची, पायऱ्या चढताना डोळे मिटलेले, मंडपात बसेपर्यंत मिटलेले. आणि पखवाजावर थाप पडली, मी तोंड उघडून पहिला आलाप घेतला की डोळे उघडायचे. सरळ उघडायचे. समया दिसायच्या, देवाच्या कपाळावरचं गंध दिसायचं, समोर बसलेल्या बायकांची तोंडं दिसायची. अभंग संपला, टाळ खाली ठेवला की मिनिटभरात परत मिटायचे. मला वाटायचं गात राहावं, थांबूच नये. पण बघणाऱ्यांना काय दिसलं? त्यांना दिसलं की हिला गाताना बरं दिसतं आणि घरचं काम करताना दिसत नाही. एक बाई माझ्या पाठीमागे, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, नाटकं करते. मी त्यानंतर आठ महिने भजनाला गेले नाही.

हे नाटक नाही हो. या आजाराची ती खूण आहे. कोणाचे डोळे गाताना उघडतात, कोणाचे बोलताना, कोणाचे सुपारी किंवा काहीतरी चघळताना, कोणाचे कानशिलाला किंवा भुवईला बोट लावल्यावर. डॉक्टर याला सेन्सरी ट्रिक म्हणतात आणि ही खूण दिसली की उलट त्यांना निदानाची खात्री पटते. म्हणजे जी गोष्ट बघून गावाने मला खोटी ठरवलं तीच बघून डॉक्टरांनी मला खरी ठरवलं. हे कळलं त्या दिवशी मी ओपीडीच्या बाहेरच्या बाकावर बसून खूप रडले.

त्या दिवसापर्यंत पोचायला किती फिरले ते थोडक्यात सांगते. डोळ्यांच्या तीन डॉक्टरांकडे गेले, नावं घेणार नाही, कोणाला दोष द्यायचा म्हणून हे लिहीत नाही. तिघांनी डोळे तपासले, तिघांनी सांगितलं डोळे चांगले आहेत, जरा कोरडे आहेत, थेंब घाला. कोरडे होते पण, ते चूक नव्हतं, हा आजार असला की डोळ्यांची जळजळ आणि कोरडेपणा पण असतोच बऱ्याचदा. अडचण अशी की डॉक्टरसमोर खुर्चीत बसलं, ते बोलायला लागले, मी उत्तर द्यायला लागले की डोळे उघडे राहायचे. दहा मिनिटं छान उघडे. बाहेर आल्यावर कंपाउंडरच्या टेबलापाशी परत बंद. एका ठिकाणी झोपेच्या गोळ्या मिळाल्या, त्या खाऊन दिवसभर पेंगायचे, डोळे काही सुधारले नाहीत. मग कोविड आला आणि सगळंच थांबलं, २०२१ च्या मे महिन्यात तर गोव्यात हॉस्पिटलकडे बघायची सोय नव्हती, माझा आजार कोणाला सांगणार तेव्हा.

त्याच उन्हाळ्यात सुनेने एक काम केलं ज्याने माझं आयुष्य बदललं. मी अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होते, सूप मांडीवर, डोळे गच्च मिटलेले, हाताने चाचपत एक-एक सोल पसरत होते, आणि तिने मोबाईलवर व्हिडिओ काढला. चाळीस सेकंदांचा आहे. त्यात मी मान वर करून भुवया ताणते, तोंड वाकडं होतं, कपाळावर आठ्या, तरी डोळे उघडत नाहीत, मग बोट कानशिलावर नेते आणि एकदम उघडतात. ऑक्टोबरमध्ये एका मोठ्या हॉस्पिटलात न्यूरॉलॉजीच्या, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांना तिने तो दाखवला आणि त्यांनी व्हिडिओ संपायच्या आधीच नाव सांगितलं. म्हणून ज्यांच्या घरी असं कोणी आहे त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, डॉक्टरकडे जायच्या आधी व्हिडिओ काढा, उन्हात काढा, चालताना काढा, टीव्ही बघताना काढा. आमचा आजार डॉक्टरसमोर लपतो.

त्यांनी मला जोरजोरात पापण्या मिटून उघडायला लावलं, चालायला लावलं, तोंड आणि जबडा बघितला, कारण काहींचा आजार खाली उतरतो, जबडा आणि ओठ पण ओढले जातात, त्याला मेज सिंड्रोम म्हणतात, १९१० साली मेज नावाच्या फ्रेंच डॉक्टरने त्याचं वर्णन केलं होतं. मग कुठल्या कुठल्या गोळ्या खाता ते सगळं विचारलं, अगदी उलटीच्या गोळ्यांपर्यंत, कारण मेटोक्लोप्रामाइडसारखं उलटीचं औषध आणि मानसिक आजारावरची काही औषधं बरेच दिवस घेतली तर त्यांनी पण असे स्नायू आखडू शकतात. एमआरआय केला तो नॉर्मल आला. मला वाटलं झालं, परत सगळे म्हणणार काही नाही हिला. डॉक्टर म्हणाले या आजारात एमआरआय नॉर्मलच येतो बहुतेक, तो दुसरं काही नाही ना ते बघायला असतो, हा आजार बघून आणि ऐकून ओळखायचा असतो. पूर्वी डॉक्टर लोकांनासुद्धा हा मनाचा आजार वाटायचा, १९७६ साली मार्सडन नावाच्या इंग्लंडच्या डॉक्टरने लेख लिहून हा डिस्टोनिया आहे हे ठामपणे मांडलं, हे मला मुलाने वाचून दाखवलं. म्हणजे डॉक्टरांनाच कळायला १९७६ उजाडलं तर आमच्या वाड्यावरच्या बायकांवर मी किती दिवस रागवून बसू, राग सोडला मी. पण आता ते दिवस राहिले नाहीत, आता तरी कोणाला मनाचं आहे म्हणून घरी पाठवू नये.

उपचार आहे. तो आहे हेच मला ओरडून सांगायचंय. बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन, ज्याला लोक बोटॉक्स म्हणतात. हे नाव काढलं की बायका माझ्याकडे विचित्र बघतात, सिनेमावाल्या घेतात ते? सुरकुत्यांचं? तर ऐका, हे औषध माणसाच्या उपयोगाला आणलं तेच मुळी डोळ्यांसाठी. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोमधले ॲलन स्कॉट नावाचे डोळ्यांचे डॉक्टर, तिरळेपणावर ऑपरेशनशिवाय उपाय शोधत होते, त्यांनी १९७०च्या दशकात याच्यावर काम केलं. डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने त्याला मान्यता दिली ती तिरळेपणासाठी आणि ब्लेफरोस्पाझमसाठी, तेव्हा त्याचं नाव ओक्युलिनम होतं. दोन भुवयांमधल्या सुरकुत्यांसाठीची मान्यता २००२ ची. म्हणजे आमचा आजार तेरा वर्षं आधी. आम्ही सुंदर दिसायला हे घेत नाही, रस्ता ओलांडायला घेतो.

विष आहे का? हो, मुळात एका जिवाणूचं विष आहे, डबाबंद खराब अन्नातून विषबाधा होते ना तेच, पण इथं ते अगदी थोडं, मोजून, नेमक्या स्नायूत देतात. नस स्नायूला जो निरोप देते तो तिथल्या तिथं अडतो आणि स्नायू सैल पडतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा जीव टांगणीला लागलेला, डोळ्याजवळ सुई म्हटल्यावर कोणाला भीती नाही वाटणार. प्रत्यक्षात इन्सुलिनची असते तशी बारीक सुई. आधी बर्फ धरला, मग वरच्या पापणीच्या दोन्ही कडांना, बाहेरच्या कोपऱ्याला, खालच्या पापणीला, भुवईखाली असं करत दोन्ही डोळ्यांना मिळून दहा-बारा टोचण्या. वरच्या पापणीच्या मधोमध टोचत नाहीत, तिथं पापणी उचलणारा स्नायू असतो, त्याला औषध लागलं तर पापणीच पडेल. प्रत्येक टोचणीला मच्छर चावल्यावर येते तेवढी टिकली उठते आणि थोड्या वेळात बसते. डोळ्यातून पाणी येतं, आतल्या कोपऱ्याजवळची टोचणी जास्त झोंबते. पाच मिनिटांत संपलं. चोळायचं नाही म्हणून सांगितलं आणि घरी पाठवलं.

त्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी पण नाही, मी म्हटलं गेले पैसे. चौथ्या दिवशी सकाळी अंगण झाडत होते, सूर्य वर आलेला, आणि झाडून झाल्यावर लक्षात आलं की मी सगळं अंगण झाडलं आणि एकदाही कानशिलाला हात गेला नाही. झाडू तिथंच टाकून सुनेला हाक मारली. दोन आठवड्यांत पूर्ण गुण आला. त्या कार्तिकी एकादशीला मी स्वतः पायऱ्या चढून देवळात गेले.

बरी झाले असं मात्र म्हणणार नाही. हा आजार मुळातून जात नाही, औषधाचा गुण साधारण तीन महिने टिकतो, दहाव्या-अकराव्या आठवड्यात मला परत ऊन टोचायला लागतं, मिचमिच सुरू होते, मी कॅलेंडरवर तारीख बघते. तीन महिन्यांच्या आधी परत देत नाहीत, घाई केली तर शरीर औषधाला सरावून ते लागू पडेनासं होऊ शकतं. आजपर्यंत १६ वेळा घेतलं. एकदा डावी पापणी अर्धी खाली आली, तीन आठवडे तशीच होती, मग आपोआप वर गेली, आधी सांगितलेलं होतं म्हणून घाबरले नाही. डोळे कोरडे होतात, थेंब घालावे लागतात, कधी बारीक काळंनिळं होतं. गरोदर बाईने किंवा मायस्थेनिया म्हणून स्नायूंचा आजार असलेल्याने डॉक्टरांना आधीच सांगायला हवं. आणि हे ज्याला सवय आहे त्याच डॉक्टरकडून घ्यावं, ब्युटी पार्लरमध्ये बिलकुल नाही.

गोळ्या पण असतात, क्लोनाझेपॅम वगैरे, थोडी मदत करतात, झोप फार येते. इंजेक्शनाने गुणच आला नाही तर पापणीचा तो स्नायू कमी करायचं ऑपरेशन असतं. मला गुलाबी झाकेच्या काचांचा चष्मा सांगितला, एफएल-४१ म्हणतात त्या रंगाला, उजेडाचा त्रास खरंच कमी होतो. मोठ्या काठाची टोपी, उन्हाळ्यात दुपारी बाहेर न पडणं. पावसाळ्यात मला सगळ्यात बरं असतं, ढग असले की डोळे शांत. देवळात आत काळा चष्मा घालते म्हणून मला कोणी बोललं तर आता मी थांबून सगळं सांगते.

आता सरकारच्या कानावर घालायचं ते. मी एकदा दिव्यांगाच्या दाखल्यासाठी गेले होते, इंजेक्शनाच्या आधीच्या दिवसांत. भिंतीवर अक्षरांचा तक्ता. माझे डोळे मिटलेले. तिथल्या बाईने दोन बोटांनी माझी पापणी वर उचलून धरली आणि म्हणाली वाचा. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. दुसरा डोळा तसाच. सहा बाय सहा, कागदावर लिहिलं, दृष्टी चांगली. तिने पापणी सोडली, डोळे मिटले, मी चाचपत दार शोधलं. त्या बाईची काही चूक नाही, तिला तक्ता दिलाय तो तिने वाचून घेतला. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार धरलेत, त्यात पार्किन्सनचं नाव आहे, मल्टिपल स्क्लेरोसिसचं आहे, डिस्टोनियाचं नाही. आमची दृष्टी आहे पण ती वापरता येत नाही, हे मोजायचा तक्ता कोणीतरी करायला हवा.

दुसरं पैशाचं. एका वेळेला मला १२ ते १५ हजार खर्च येतो, वर्षातून चार वेळा, म्हणजे पन्नास-साठ हजार. शिवणाचे पैसे जवळजवळ सगळे यातच जातात, पण इंजेक्शन नसेल तर शिवणच होत नाही. आपल्याकडे २०१६ पासून दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला उपचारांसाठी वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाखांपर्यंत, चांगली योजना आहे, आमच्या वाड्यावर कितीतरी जणांची ऑपरेशनं त्यात झाली. आमच्या या इंजेक्शनाला ॲडमिट व्हावं लागत नाही पण ते जन्मभर लागतं, म्हणून त्याचं नाव घेऊन, दर तीन महिन्यांचा हिशेब धरून ते या कार्डावर मिळावं. याची ५० युनिटची छोटी बाटली पण येते, माझ्यासारखीला तेवढी पुरते, सरकारने ती घेतली तर वाया जाणार नाही, कारण एकदा औषध कालवलं की २४ तासांत वापरावं लागतं. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, न्यूरॉलॉजी आणि डोळ्यांचा असे दोन्ही विभाग आहेत, तिथल्या डॉक्टरांनी महिन्यातून एक दिवस म्हापशाच्या आणि एक दिवस मडगावच्या जिल्हा हॉस्पिटलात या पेशंटांसाठी ठरवला तर काणकोणच्या किंवा पेडण्याच्या माणसाला बांबोळी गाठावी लागणार नाही. डोळे मिटलेला माणूस एकटा जाऊ शकत नाही हे लक्षात घ्या, त्याच्याबरोबर आणखी एकाची रोजंदारी बुडते. आणि प्रत्येक आरोग्य केंद्रात एक पोस्टर लावा, मराठीत आणि कोकणीत, त्यात कानशिलाला बोट लावलेल्या बाईचं चित्र काढा, वाचता न येणाऱ्यालाही कळेल.

संपादक महाराज, पत्र लांबलं, कापायचं असेल तर माझं रडगाणं कापा पण आजाराचं नाव आणि व्हिडिओ काढायची गोष्ट कापू नका. त्या बसस्टँडवरच्या बाईंच्या नातवाच्या दप्तरात वही होती, तिच्या शेवटच्या पानावर मी ब्लेफरोस्पाझम असं मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, खाली माझा नंबर. परवा त्याने फोन केला, व्हिडिओ काढलाय म्हणाला, आजी भात पाखडताना. सोमवारी ओपीडीला त्या जाणार आहेत, सकाळी साडेसातच्या बसने, मीही त्यांच्याबरोबर जातेय.

आपली नम्र,
एक वाचक, डिचोली तालुका